न बदललेल्या गाडीची शाळा

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत निरोपाचे लेख आले. मीटर, कॅरियर, काळापिवळा रंग, साऱ्यांच्या आठवणी निघाल्या. राहून गेला तो ही गाडी चालती ठेवणारा गॅरेजवाला. तो कुठे शिकला आणि कशावरून शिकला, या प्रश्नाचे उत्तर कुर्ला-घाटकोपर-मुलुंड आणि अंधेरी-बोरिवली या उपनगरांतल्या गॅरेजांत शोधावे लागते. गेली काही वर्षे मी त्या गॅरेजांत बसतो आहे आणि रद्दीवाल्यांकडून जुनी मॅन्युअले जमवतो आहे. त्यातून हाती आले ते मांडतो.

सुरुवात आधीच्या काळापासून करायला हवी. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला. पुढे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखाना उभा राहिला. 1947 पासून तेथे क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. देशात गाड्या बनवण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना येथे थारा नाही, असे सरकारी धोरण 1953 च्या सुमारास पक्के झाले, तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने मात्र इटलीच्या फियाटचा हात धरला, आणि 1954 पासून कुर्ल्याहून फियाट 1100 बाहेर पडू लागली.

अमेरिकन कंपन्या गेल्या, पण त्यांची भाषा गॅरेजांत राहिली. इंजिनातल्या चारही प्लगांना पाळीपाळीने करंट वाटून देणारा जो भाग, त्याला मॅन्युअलात ‘डिस्ट्रिब्युटर’ म्हटलेले असते. आपला मेकॅनिक त्याला ‘डेल्को’ म्हणतो. हा शब्द डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी या अमेरिकन नावाच्या आद्याक्षरांतून आला. ती कंपनी पुढे जनरल मोटर्सच्या पंखाखाली गेली. फियाट इटलीची, कारखाना कुर्ल्याचा, मिस्त्री आझमगडचा किंवा रत्नागिरीचा, आणि तोंडात शब्द ओहायोतल्या डेटनचा! विश्वकोशाच्या वळणाच्या मराठीत पिस्टनला ‘दट्ट्या’ आणि व्हॉल्व्हला ‘झडप’ हे चांगले शब्द आहेत, पण ते गॅरेजपर्यंत पोहोचले नाहीत. तेथे ‘वॉल’, ‘टॅपेट’, ‘सेल्फ’ आणि ‘डेल्को’ हेच चालले. कामाची भाषा छापील पानावरून कमी आणि उस्तादाच्या तोंडून अधिक आली, याचा हा पुरावा.

मग मॅन्युअलाचा उपयोग काय होता? कारखान्याचे मॅन्युअल मुळात अधिकृत वर्कशॉपमधल्या, प्रशिक्षण घेतलेल्या माणसासाठी लिहिलेले असते. त्याच्याजवळ खास हत्यारे असतील असे ते गृहीत धरते. सामान्य मालकासाठी पुस्तक करण्याची कल्पना इंग्लंडात जॉन हेन्स यांनी रुजवली. स्वतः गाडी पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र द्यायचे, ही त्यांची पद्धत. त्यांचे या प्रकारचे पहिले मॅन्युअल 1966 साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या गाडीवर निघाले. आपल्याकडचा मिस्त्री मात्र बहुधा मालकही नव्हता आणि अधिकृत वर्कशॉपचा नोकरही नव्हता. पुस्तक इंग्रजी, आणि त्याचे शिक्षण चौथी-पाचवीपर्यंतचे.

त्याने यातून वाट काढली ती चित्रांच्या आधाराने. माझ्याकडच्या मॅन्युअलांत मजकुराची पाने बऱ्यापैकी कोरी आहेत. ग्रीसचे अंगठे उमटले आहेत ते सुट्या भागांच्या आकृत्यांवर. गिअरबॉक्स किंवा कार्बोरेटर जणू हवेत उकलून ठेवला आहे, प्रत्येक वॉशर आपापल्या जागी तरंगतो आहे, अशी ती आकृती असते. कोणता भाग कोणाच्या आधी आणि कोणाच्या मागे बसतो, हे कळायला तेथे इंग्रजी लागत नाही. पार्ट नंबर तेवढा उतरवून घेतला की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटा भाग मागता येतो. मुलुंडच्या किंवा अंधेरीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलेला एखादा मुलगा गॅरेजात असला, तर अडलेला परिच्छेद तो वाचून दाखवी.

तरी नुसत्या पुस्तकाने मेकॅनिक घडत नाही. सिलिंडर हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला क्रमाने आवळायचे, हे पुस्तक सांगते. किती आवळायचे त्याचा आकडाही देते. पण तो आकडा मोजणारा पाना बहुतेक गॅरेजांत नव्हताच. ते माप मनगटात यावे लागे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला खडखड आवाज कोठून येतो ते ओळखणे, ही विद्या उस्तादाची. उस्ताद कारण सांगत नसे आणि पुस्तक हात धरत नसे. दोघांच्या मध्ये गाडी होती, आणि तिसरी गुरू तीच.

ही गाडी शिकायला सोपी होती. 1089 सीसीचे, 68 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोकचे चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, प्लगांचा क्रम 1-3-4-2. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात खालपर्यंत जातो. गाडी चालू होत नसेल तर प्रश्न तीनच: पेट्रोल येते का, करंट येतो का, कॉम्प्रेशन आहे का? तिन्हींची उत्तरे डोळ्याने, बोटाने आणि एखाद्या पान्याने मिळत. जे बिघडले ते दिसत असे, आणि जे दिसते ते शिकता येते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही गाडी बदलली नाही. इटलीत 1100 मालिका 1969 साली संपली. त्याबरोबर तिथले मॅन्युअलही जुने झाले, संग्राहकांच्या कपाटात गेले. कुर्ल्यात त्याच गाडीला आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग 1974 पासून पद्मिनी असे नाव मिळाले, आणि जवळपास त्याच रूपात ती 2000 सालापर्यंत निघत राहिली. म्हणजे 1964 च्या फियाट 1100 डीचे मॅन्युअल आणखी साडेतीन दशके चालू पुस्तक होते. बापाने ज्या पानावर तेलकट बोट ठेवले, तेच पान मुलाला उपयोगी पडले. एका गाडीवर काढलेला बिघाड हजारो गाड्यांना लागू पडला. शाळेला अभ्यासक्रम लागतो आणि तो काही काळ स्थिर असावा लागतो. लायसन्स-परमिटच्या काळाने नकळत तो स्थिर ठेवला.

त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे थांबला. तिला धड ब्रेक नव्हते, धूर मात्र भरपूर होता. गॅरेजांत ‘छोटू’ म्हणून राबणारी पोरे शाळेत असायला हवी होती. त्यांचे शिकणे आणि त्यांचे शोषण एकाच ओट्यावर चालले. ज्ञानाचा हिशेब मांडताना ही किंमत वगळता येत नाही. म्हणूनच, एवढी किंमत देऊन कमावलेली विद्या नोंद न होता जाणे अधिक खुपते.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. पुढे 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला आणि इंजिनाचा कारभार कॉम्प्युटरकडे आला. आता बिघाड स्क्रू ड्रायव्हरने ऐकू येत नाही; तो स्कॅनरवर आकड्यांत उमटतो, आणि त्या आकड्याचा पूर्ण अर्थ बहुधा कंपनीच्या हाती असतो. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, असे आता सरकारला सांगावे लागते. पद्मिनीच्या काळात ती माहिती बॉनेटखाली उघडी होती आणि शंभर-दोनशे पानांत मावत होती.

कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटी आहे. यंत्रे गेली, कामगार पांगले. या विद्येचा लेखी पुरावा म्हणून उरली ती जुनी मॅन्युअले आणि सुट्या भागांचे कॅटलॉग. छापील मजकुरापेक्षा त्यांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले मोलाचे आहे: बदललेले माप, दुसऱ्या गाडीचा चालणारा पार्ट, उस्तादाचे नाव, कधी तारीख. मुंबईच्या कामगारांचा इतिहास आपण गिरण्यांचा, संपांचा आणि युनियनांचा म्हणून लिहिला आणि ते योग्यच झाले. गॅरेजातला कामगार त्यात बसला नाही, कारण त्याला ना मस्टर होते ना युनियन. त्याची हजेरी लागली असेल तर याच समासांत.

दिवाळीच्या साफसफाईत असे एखादे पुस्तक पोटमाळ्यावरून निघाले असेल, तर रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. ज्यांच्या घरातली फियाट कधीच विकली गेली, त्यांच्याकडेही ते सापडण्याची शक्यता आहे. गाडी देताना पुस्तक द्यायचे अनेकांच्या ध्यानात राहत नसे. समासात अक्षर दिसले तर ते कोणाचे, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारा आणि उत्तर त्याच पानावर लिहून ठेवा.