तळटीप : लोकी

* लोकी : नॉर्स पुराणातला कपटी, तरीही देवांच्या पंगतीला बसणारा. आइसलँडच्या स्नॉरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास या कथा गद्यात मांडल्या. नील गेमनने २०१७ साली त्या नव्याने सांगितल्या. थोरचा हातोडा घडत असताना लोकी माशी होऊन भाता ओढणाऱ्या बुटक्याच्या पापणीला चावतो, त्याचा हात क्षणभर सुटतो आणि दांडा आखूड राहतो. गेमनमधला हा प्रसंग मोठ्याने वाचावा असाच आहे. सुरतच्या पांडेसऱ्यात वाढलेल्या निवेदकाला त्याची गोडी लागणं स्वाभाविक. तिथल्या खानदेशी घरांत श्रावणात कानबाई देवी बसते, नारळाला नथ चढते, रात्रभर अहिराणी गाणी चालतात. शिवाय घरात ‘मृत्युंजय’ (१९६७) होतंच, कर्णाच्या बाजूने महाभारत ऐकवणारं.