दूरचे बटण, जवळचा गडी

तारेवाचून दूरचे यंत्र हलविण्याची विद्या आपल्या देशाला नवी नव्हे. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडील घंटा विद्युत्‌लहरींनी वाजविली, बंदुकीची दारूही उडविली. १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने छोटी नौका अशीच चालवून दाखविली.

त्याच लहरी आज विहिरीवरच्या मोटारीपर्यंत पोहोचल्या आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचे ‘नॅनो गणेश’ हे त्यातलेच. फोनवरची आज्ञा टॉवरमार्गे पेटीतल्या सिमकार्डाला मिळते. पेटीतला रिले स्टार्टरला चालना देतो. रात्रपाळीच्या विजेसाठी अंधारात, साप-विंचवांतून शेत गाठण्याची पायपीट टळते. हे थोडे नव्हे.

पण आम्ही कामगारांत वावरणारी माणसे वेगळा प्रश्न विचारतो. बटण दाबणारा जिंतुरात बसलेला. मोटारीला हात घातलेला गडी त्याला दिसतो काय? म्हणून उपकरण घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: नोंदलेल्या नंबराखेरीज ते कुणाचे ऐकू नये, मोटार चालू झाली की नाही ते उलट कळवावे, आणि फेज गेल्यास मोटार बंद करावी. दुरुस्तीपूर्वी मात्र मेन स्विच पाडून फ्यूज गड्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत. त्याच्या जिवाची किल्ली त्याच्याच हाती हवी.