प्रथिनं आणि आपला हिस्सा

1838 साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञानं अंड्यातले, रक्तातले, रेशमातले पदार्थ तपासले. त्यांच्या मुळाशी असलेल्या द्रव्याला बर्झेलियसनं नाव सुचवलं, प्रोटीन. ग्रीक शब्दावरून आलेलं हे नाव, अर्थ पहिल्या मानाचं. आपण त्याला प्रथिन म्हणतो. पहिल्या मानाचं हे अन्न आपल्या माणसांच्या ताटात मात्र सगळ्यात शेवटी आलं.

आधी अंगाचा हिशेब बघा. स्नायू, कातडी, रक्तातलं हिमोग्लोबिन, रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडीज, सगळी प्रथिनंच. ती वीस अमिनो आम्लांची बनतात. मोठ्या माणसाचं शरीर त्यातली नऊ बनवू शकत नाही, ती खाऊनच मिळवावी लागतात. दिवसाला किलोमागं साधारण 0.8 ग्रॅम प्रथिन लागतं. पन्नास किलोच्या माणसाला 40 ग्रॅम. चरबी साठते, पण प्रथिनाची कणगी शरीरात नाही. बाहेरून आलं नाही, की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. म्हणून भाकरीला डाळ पाहिजे. नुसत्या भाकरी-ठेच्यानं पोट भरतं, अंग भरत नाही.

गावगाड्यात आपल्या वाट्याला काय होतं? बलुत्याचं धान्य, मागून आणलेलं शिळंपाकं आणि मेलेलं ढोर. ढोर ओढायचं आपण, म्हणून मांस आपलं. त्याच्या चान्या वाळवून ठेवायच्या, पावसाळ्यात शिजवायच्या. हेच आपलं प्रथिन. त्याची किंमत पैशात नव्हती, माणुसकीत होती.

1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे सोडा. लोकांनी सोडलं. घरात दुसरं काही नसताना सोडलं, हे विसरू नका. पण त्यांनी सोडली ती लाचारी. चांगलंचुंगलं खायचा हक्क नव्हे. आज काही शिकलेले पोरं मांसाहाराचीच लाज बाळगतात. त्यांनी बाबासाहेबांचा 1948 चा 'दि अनटचेबल्स' वाचावा. अस्पृश्यतेचं मूळ त्यांनी गोमांस खाण्याशी जोडून दाखवलंय. खाण्यावरून माणूस बाटवायची चाल जुनीच आहे.

ती संपली का? महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गाईची कत्तल बंद झाली, 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. गरिबाचं स्वस्त मांस आणखी आटलं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा दिला नाही. म्हणजे पोटाचा हिशेब झाला, अंगाचा राहिला.

तेव्हा पुढच्या मोर्चाच्या निवेदनात नोकरी-शिक्षणाच्या शेजारी हेही लिहा : रेशनवर डाळ, शाळेत अंडं. भीक म्हणून नको. हिस्सा म्हणून.