सैरंध्रीचा अज्ञातवास

पांडवांच्या अज्ञातवासांत द्रौपदी विराटाच्या अंतःपुरांत सैरंध्री होऊन राहिली. राणीची वेणीफणी तिच्या हातची, पण घर परक्याचें. कोल्हापूरच्या चित्रपटकारांनीं ही कथा दोनदां पडद्यावर आणली. पहिल्या वेळीं चित्राचे सर्व संस्कार घरींच झाले. दुसऱ्या वेळीं रंगासाठीं चित्राला परक्या घरीं जावें लागलें.

बाबूराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें कॅमेरा स्वतः घडविला, आणि १९२० सालीं त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढें आला. त्या काळची फिल्म बहुधा तांबड्या प्रकाशास आंधळी असे. त्यामुळें अंधाऱ्या खोलींत तांबडा दिवा लावून, औषधाच्या पाण्यांत उमटत जाणारें चित्र धुणाराला प्रत्यक्ष पाहतां येई. काळेपणा पुरेसा झाला कीं फिल्म बाहेर काढावी. निर्णय घड्याळाचा नव्हे, डोळ्याचा. बाबूराव मूळचे चित्रकार. असा डोळा त्यांच्या मंडळींजवळ होता.

त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ सालच्या ‘सैरंध्री’ बोलपटास तिनें रंग देण्याचें योजिलें. त्यासाठीं वापरलेल्या पद्धतींत फिल्मच्या दोन फिती तोंडास तोंड लावून एकदमच कॅमेऱ्यांतून जात. एकीवर निळ्या-हिरव्या अंगाचा प्रकाश नोंदला जाई, दुसरीवर तांबड्या अंगाचा. धुतल्यावर मात्र दोन्ही काळ्या-पांढऱ्याच! रंग जन्मास येई तो छपाईंत. आणि छपाई होती जर्मनींत. शांताराम स्वतः तेथें गेले. परंतु हौद परक्यांचे, यंत्रें परक्यांचीं. रंग मनाजोगे उतरले नाहींत. सारा दोष अंतरावर टाकणें अन्यायाचें होईल. दोन रंगांत सारी सृष्टि बसविणें मुळांतच अवघड. तथापि चूक दिसल्यावर ती आपल्याच हौदाशीं बसून सुधारण्याची सोय नव्हती, ही गोष्ट उरतेच. १९३७ सालीं मुंबईस अर्देशिर इराणी यांनीं ‘किसान कन्या’ हा रंगीत बोलपट या देशांतच सिद्ध केला, त्याचें मोल म्हणूनच मोठें.

आज हौशी माणसास रंगीत फिल्म घरीं धुतां येते. १९७२ सालीं निघालेल्या सी-४१ पद्धतींत ती बंद डब्यांत, ३७.८ अंश सेल्सियसच्या औषधांत सव्वातीन मिनिटें ठेवावयाची. मग पुढील औषधांनीं तिच्यांतील चांदी काढून टाकावयाची. तांबडा दिवा येथें चालत नाहीं, कारण ही फिल्म सर्वच प्रकाशास जागी असते. डोळ्याचा अधिकार जातो. घड्याळ आणि तापमापक राज्य करतात. पण वाळलेली नारिंगी झांकेची फिल्म स्कॅनरखालीं ठेवून तिचें उलटें चित्र संगणकावर सुलटें करतांना, मुखावरची छटा, लुगड्याचा काठ, दुपारचें ऊन हीं ज्यानें प्रत्यक्ष पाहिलीं तोच आपल्या आठवणीशीं रंग ताडून पाहतो. अंधाऱ्या खोलींतून हद्दपार झालेला डोळा असा शेवटच्या पायरीवर घरीं परततो. सैरंध्रीचा अज्ञातवासही एके दिवशीं संपलाच होता.