सुट्या पैशांपासून स्क्रीनवरच्या टिपपर्यंत

2007 साली बंगळूरच्या कोरमंगलामधल्या एका फ्लॅटमधून सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी पुस्तकं विकायला सुरुवात केली, तीच फ्लिपकार्ट. 2014 मध्ये याच भागात श्रीहर्ष मजेटी, नंदन रेड्डी आणि राहुल जैमिनी यांनी जेवण घरपोच देणारी स्विगी सुरू केली. घरपोच सेवेचा आजचा धंदा इथे वाढला, आणि माल आणून देणाऱ्याला खुशीने काही देण्याची रीतही इथल्या दारांत बदलत गेली.

आधीची रीत सुट्या पैशांची होती. फ्लिपकार्टने 2010 मध्ये वस्तू हातात पडल्यावर रोख पैसे देण्याची सोय केली. पार्सल 385 रुपयांचं, हातात शंभराच्या चार नोटा, पोऱ्याकडे सुटे नाहीत. ‘राहू दे’ म्हणायचं, की झालं. देणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटत नसे आणि घेणाऱ्याला मागावं लागत नसे. 2016 मध्ये यूपीआय आलं, वर्षअखेरीस नोटाबंदी झाली आणि हळूहळू बिल आधीच, पैशापैशाने चुकतं होऊ लागलं. सुटे संपले, तशी ती सहज बक्षिसीही आटली.

मग अ‍ॅपवर टिपचे तयार आकडे आले. आता ऑर्डर देतानाच, जेवण शिजण्याआधी आणि आणणाऱ्याचं तोंड पाहण्याआधी, किती द्यायचं ते ठरवता येतं.

मराठी घरांना बक्षिसी नवी नाही. दिवाळीत पोस्टमन, पेपरवाला, धोबी यांना पोस्त द्यायची पद्धत जुनी आहे. 1890 पासून मुंबईत डबे पोचवणाऱ्या डबेवाल्यांना तर दिवाळीत एका महिन्याचे जादा पैसे देण्याचा प्रघात आहे. त्या देण्यामागे वर्षभराची ओळख असे. कोरमंगलात राहणाऱ्या मराठी इंजिनिअरच्या दारात मात्र रोज वेगळा माणूस उभा राहतो. पोस्त द्यायची तरी कोणाला?

खरा धोका पुढे आहे. अमेरिकेत डोअरडॅश ही कंपनी ग्राहकाची टिप कामगाराला कबूल केलेल्या किमान रकमेतच धरत होती. टिप वाढली की कंपनीच्या खिशातून जाणारे पैसे कमी होत. बोभाटा झाल्यावर 2019 मध्ये तिला पद्धत बदलावी लागली. आपल्याकडे मे 2025 मध्ये उबरने प्रवासाआधीच टिप मागण्याची सोय ठेवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला नोटीस बजावली. टिप सेवेनंतर, खुशीने द्यायची असते, ही केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांची भूमिका रास्तच होती.

मजुरीचा प्रश्न टिपने सुटत नाही. कर्नाटकाने 2025 मध्ये अशा अ‍ॅपवरून काम करणाऱ्या, म्हणजे गिग कामगारांसाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या 1 ते 5 टक्के इतकं कल्याण शुल्क त्यात कंपन्यांवर बसवलं आहे. पावसात ट्रॅफिकमधून गाडी काढणाऱ्याच्या अपघाताची, आजारपणाची तरतूद व्हायची, ती अशा हक्काच्या पैशातूनच. कोणाच्या मर्जीवर ती सोडता येणार नाही.

ती तरतूद नीट उभी राहीपर्यंत टिप जरूर द्या. पण पुडा हातात घेतल्यावर द्या, आणि पाऊस असेल तर थोडी जास्त द्या.