छायाचित्राचे वजन आणि संगणकाची दमछाक

पिंपरी : लग्नसराईच्या दिवसांत पिंपरी-चिंचवड परिसरातील मंगल कार्यालयांत छायाचित्रकाराचा कॅमेरा सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत थांबत नाही. पाहुण्यांच्या दृष्टीने छायाचित्र काढले, की काम संपते. छायाचित्रकाराचे निम्मे काम मात्र त्यानंतर सुरू होते आणि ते सारे संगणकावर चालते. कॅमेरा घेताना दुकानात चर्चा होते ती मेगापिक्सेलची. त्या मेगापिक्सेलची किंमत हार्ड डिस्क, रॅम, प्रोसेसर आणि रात्रीची जागरणे या रूपाने पुढे कित्येक वर्षे मोजावी लागते, हे सहसा कोणी सांगत नाही.

बिंदूंचा हिशेब

डिजिटल छायाचित्र म्हणजे उभ्या-आडव्या ओळींत मांडलेले प्रकाशबिंदू, अर्थात पिक्सेल. आडव्या बाजूस सहा हजार आणि उभ्या बाजूस चार हजार बिंदू असतील, तर एकूण २ कोटी ४० लाख बिंदू होतात. यालाच २४ मेगापिक्सेल म्हणतात. गंमत अशी, की कॅमेऱ्यातील संवेदक प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद करतो. या रंगजाळीचे पेटंट कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये मिळाले आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच पद्धत वापरतात. एका नोंदीस १४ बिट लागतात असे धरले, तर २४ मेगापिक्सेलची मूळ, म्हणजे 'रॉ' फाइल न दाबता साठवल्यास सुमारे ४२ मेगाबाइटची होते.

हीच फाइल संपादनासाठी उघडली, की संगणक प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून काढतो. आता एका बिंदूस तीन रंग आणि प्रत्येक रंगास १६ बिट, म्हणजे दोन बाइट. परिणामी डिस्कवर ४२ मेगाबाइट असलेले छायाचित्र रॅममध्ये १४४ मेगाबाइट जागा व्यापते. त्यावर त्वचा उजळण्याचा एक थर, पार्श्वभूमी बदलण्याचा दुसरा, असे पाच पूर्ण थर चढवले, की ७२० मेगाबाइट झाले. शिवाय केलेले बदल मागे घेता यावेत म्हणून सॉफ्टवेअर आधीच्या अवस्थाही जपून ठेवते. रॅम अपुरी पडली, की संगणक हार्ड डिस्कचाच तात्पुरत्या स्मृतीसारखा वापर करू लागतो आणि तिथेच तो 'अडकतो'. अशा वेळी प्रोसेसर बदलून उपयोग होत नाही. आधी रॅम वाढवावी लागते.

सोनी कंपनीने २०१९ मध्ये आणलेल्या ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यास हाच हिशेब लावून पाहू. त्याचे छायाचित्र ९५०४ बाय ६३३६ बिंदूंचे. चौदा बिटांच्या हिशेबाने त्याची माहिती सुमारे १०५ मेगाबाइट भरते आणि उघडल्यावर ३६१ मेगाबाइट. आता तुलना करा. २४ मेगापिक्सेलच्या मानाने ओझे अडीच पट झाले. पण छायाचित्राची आडवी बाजू मात्र सहा हजारांवरून साडेनऊ हजारांवर, म्हणजे जेमतेम १.६ पट गेली. तपशील लांबी-रुंदीच्या प्रमाणात वाढतो आणि भार क्षेत्रफळाच्या प्रमाणात, हे या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे.

साठवणुकीची अडचण डिजिटल कॅमेऱ्याच्या जन्मापासूनची आहे. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे छायाचित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते. तरीही ते कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. पुढे २००३ मध्ये कॅननचा ६.३ मेगापिक्सेलचा '३००डी' आला. त्याची रॉ फाइल साधारण सात मेगाबाइटची, म्हणजे ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर शंभर छायाचित्रे बसत. तेव्हा तेही पुष्कळ वाटे.

एका लग्नाचे ओझे

समजा, एका लग्नात तीन हजार छायाचित्रे निघाली. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर त्यांची १२६ गिगाबाइट होतात, ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ३१५. हंगामात अशी तीस लग्ने केली, तर दुसऱ्या प्रकारात साडेनऊ टेराबाइट लागतात. दुसरी प्रत ठेवायची म्हटले, की १९ टेराबाइट. हा झाला न दाबलेल्या फायलींचा हिशेब. माहिती न गमावता दाबण्याची सोय बहुतेक महागड्या कॅमेऱ्यांत असते आणि तिने फाइल साधारण २० ते ४० टक्क्यांनी लहान होते. ही सोय चालू न करण्यामागे निव्वळ सवयीखेरीज दुसरे कारण क्वचितच असते.

वेळेचा हिशेबही तितकाच बोलका आहे. जुन्या यूएसबी २.० जोडणीतून सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट माहिती जाते; ३१५ गिगाबाइट उतरवून घेण्यास त्यामुळे जवळजवळ तीन तास लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर, सेकंदाला १५० मेगाबाइटचा वेग धरल्यास, ३५ मिनिटे. एसएसडीवर दहा-अकरा मिनिटे. अट एवढीच, की मेमरी कार्ड आणि कार्ड रीडरही त्याच वेगाचे हवेत. अनेक जण हजारो रुपयांची एसएसडी घेतात आणि तिला जुनाच कार्ड रीडर लावतात.

दुसऱ्या प्रतीचा खर्च अनेकांना जड वाटतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या चुलतबहिणीच्या लग्नाची सारी छायाचित्रे एकाच हार्ड डिस्कवर होती आणि अल्बम छापून होण्यापूर्वी ती डिस्क बंद पडली. आज घरात त्या लग्नाची आहेत ती पाहुण्यांनी मोबाइलवर टिपलेली अकरा छायाचित्रे. आत्याबाई अजूनही तो विषय काढतात. चार डिस्क एकत्र जोडणारी 'रेड' यंत्रणा एखादी डिस्क बिघडल्यास तारून नेते. पण चुकून पुसलेली फाइल ती परत देत नाही, कारण पुसण्याची आज्ञाही ती तितक्याच इमानाने सर्व डिस्कवर पाळते. वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीला पर्याय नाही.

कारखाना काय करतो?

याच पट्ट्यात कॅमेऱ्याचा आणखी एक मोठा ग्राहक आहे, तो म्हणजे वाहन उद्योग. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. त्यांच्याभोवती सुट्या भागांचे लहान-मोठे पुरवठादार वाढले. वाहनाच्या सुट्या भागाची तपासणी आता जगभर कॅमेऱ्याने होऊ लागली आहे आणि या कामी मेगापिक्सेलचा विचार उलट्या टोकापासून केला जातो. आधी विचारतात, की सर्वांत लहान दोष किती मोठा? समजा, २०० मिलिमीटर लांबीच्या भागावर ०.२ मिलिमीटरची चीर ओळखायची आहे आणि ती चीर निदान तीन बिंदूंवर पसरलेली हवी. मग त्या बाजूस तीन हजार बिंदू पुरतात. त्याहून अधिक बिंदू घेणे म्हणजे संगणकाला विनाकारण कामाला लावणे.

कारण तेथे वेग आडवा येतो. १२ मेगापिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला दहा छायाचित्रे काढू लागला, तर प्रत्येक बिंदूस एक बाइट धरूनही सेकंदाला १२० मेगाबाइट माहिती तयार होते. औद्योगिक कॅमेऱ्यांसाठी २००६ मध्ये ठरलेले 'गिग-ई व्हिजन' हे मानक साध्या गिगाबिट नेटवर्क केबलवर चालू शकते. पण तिची प्रत्यक्ष क्षमता सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइट. म्हणजे एका कॅमेऱ्यानेच केबल तुंबते. आठ तासांच्या पाळीत अशा कॅमेऱ्याची माहिती साडेतीन टेराबाइटच्या आसपास जाईल. ती सारी कोणी साठवत नाही. संगणक चित्र पाहतो, 'योग्य' किंवा 'बाद' असा निर्णय नोंदवतो आणि सामान्यतः बाद मालाचीच चित्रे मागे ठेवली जातात.

छायाचित्रकाराला हा मार्ग जसाच्या तसा घेता येणार नाही. नवरीच्या आजीचे एकमेव छायाचित्र किंचित हलले, म्हणून ते बाद ठरत नाही. परंतु छपाईचा आकार आधी विचारणे त्याला नक्कीच जमेल. १२ बाय ३६ इंचांचे अल्बमचे जोडपान इंचाला ३०० बिंदूंनी छापण्यास ३९ मेगापिक्सेल लागतात हे खरे. पण त्या जोडपानावर बहुधा चार-पाच छायाचित्रे असतात. फुल एचडी पडद्यावर दोनच मेगापिक्सेल दिसतात, फोर-के पडद्यावर आठ. चौकाचौकांतील वाढदिवसाच्या फ्लेक्सना तर अल्बमच्या जोडपानाहून कमी पुरते. वीस बाय दहा फुटांचा फलक इंचाला ३० बिंदूंनी छापला, तरी २६ मेगापिक्सेल भरतात आणि रस्त्यावरून पाहणाऱ्यास त्यात उणे काही दिसत नाही.

'क्लाउड'चा पर्याय हल्ली सर्रास सुचवला जातो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुण्यात आपले क्लाउड केंद्र सुरू केले; तेव्हा माहिती दूरदेशी पाठवावी लागते असेही नाही. अडसर आहे तो घरच्या जोडणीचा. सेकंदाला २० मेगाबिट वेगाने ३१५ गिगाबाइट वर चढवण्यास ३५ तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. औद्योगिक पट्ट्यात गुरुवार सुटीचा, आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचाही. त्यामुळे चाकणचा छायाचित्रकार डिस्क खिशात घालून दुचाकीने चिंचवडच्या संपादकाकडे निघाला, तर नाशिक महामार्गावरील वाहतूक कोंडी जमेस धरूनही तो इंटरनेटच्या कितीतरी आधी पोहोचतो.