घासणं आणि वाचवणं

मराठीत आपण दात 'घासतो', आणि भांडीही घासतोच. गिरणगावातल्या चाळींमध्ये दोन्हीला वस्तूही बऱ्याचदा एकच असायची, चुलीतली राख. दातांसाठी तिला राखुंडी म्हणायचे, एवढंच. शिवाय कोळशाची पूड, मीठ, कडुनिंबाची काडी. आणि मशेरी, म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू.

दाढ ठणकली की मशेरी लावायची. दुखणं बधिर व्हायचं, सवय मात्र कायमची लागायची, बायकांना आणि पोरींनाही. त्याच परळमध्ये १९४१ साली टाटा मेमोरियल उभं राहिलं. दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी यायला मात्र १९९२ उजाडलं. घरच्या तव्यावर भाजली तर कोण बघतंय?

१९५२ साली परळमध्येच केशव विष्णु पेंढरकरांनी विको सुरू केली. पहिलं उत्पादन वज्रदंती पावडर. नावातच आपली जुनी इच्छा आहे बघा, दात वज्रासारखे व्हावेत!

तिकडे अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहरानं १९४५ पासून पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली होती. तिथे त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधली दातांची कीड निम्म्याहून कमी झाली. गंमत म्हणजे फ्लोराइड काहीच घासत नाही. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दातावरच्या कवचातले क्षार झिरपून जातात. लाळ ते परत बसवते, फ्लोराइड असेल तर जास्त पक्के.

पण जास्त झालं की तेच बाधतं. आपल्याच यवतमाळ, चंद्रपूरकडे काही बोअरवेलच्या पाण्यात ते मुळातच इतकं आहे की दातांवर डाग पडतात, हाडंही दुखावतात. मुंबईच्या नळाच्या पाण्यात ते कुणी घालत नाही. म्हणजे इथल्या पोरांना ते मिळणार ट्यूबमधूनच. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, नंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा. रात्रीचं चुकवायचं नाही. फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही.

हे शेवटचं आपल्याकडे कुणालाच पटत नाही. राखुंडीची सवय ना! करकरीत घासून स्वच्छ धुतल्याशिवाय समाधान होत नाही. त्यात "दुधाचेच दात, पडणारच आहेत" हे आहेच. अहो, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या तर ठणका पोरालाच सोसावा लागतो. तेव्हा आज रात्री पोरं झोपायच्या आधी एवढं कराच.